चपटा दगड

बाळांनो, नाताळच्या सुट्टीत तुम्ही पनवेलला येणार आणि उरणच्या खडकांवर जायचं म्हणताय, म्हणून हे आजच लिहिते.

गेल्या वर्षी मी तिथे एकटीच गेले होते. भरतीची वेळ फोनवर पाहून वहीत लिहून ठेवली होती. पूर्ण भरतीला अजून तीन तास आहेत, या हिशेबाने मी अगदी टोकाच्या खडकावर जाऊन बसले.

शेजारी एक कोळीण खडकावरची कालवं फोडत होती. मधूनमधून हात थांबवून ती बघायची, पण समुद्राकडे नाही, किनाऱ्याकडे. मला नवल वाटलं. एकदा तशीच बघता बघता तिने पाटी उचलून डोक्यावर घेतली.

"काय गो आजी, पवता येतं काय तुला?"

"नाही. पण अजून वेळ आहे," म्हणत मी वही दाखवली.

"वही ठेव पिशवीत. पानी समोरून नाय येत, मागच्या खळग्यात पयलं भरतं. त्यो चपटा दगड बुडाला का आमी बसत नाय."

मी वळून पाहिलं. येताना ज्यावर पाय दिला होता, तो दगड दिसत नव्हता. तिने माझं मनगट धरलं. खळग्यात पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. वाळू लागेपर्यंत तिने मनगट सोडलं नाही. त्या घाईत तिचं नाव विचारायचंही राहिलं.

किनाऱ्यावर आता भराव पडतोय, त्यात तो दगड बुजला की काय, म्हणून धास्तावून काल पुन्हा जाऊन आले. ती दिसली नाही. चपटा दगड अजून तिथेच आहे.