शिमग्यापर्यंतचा कुत्रा

लाजिरवाण्या प्रसंगांचा एक विशेष माझ्या लक्षात आला आहे. ज्या दिवशी ते घडतात, त्या दिवशी ते बाहेर कुणाला कळू नयेत असे घरातल्या प्रत्येकाला वाटते. आणि आठवड्याच्या आत वाडीतले लोक ते आपल्यापेक्षा अधिक रंगवून सांगू लागतात. लिओ आमच्या घरी आल्यापासून असे प्रसंग इतके साचले आहेत, की निदान जसे घडले तसे कुणीतरी मांडावेत, एवढाच माझा हेतू आहे. वाडीत जे सांगितले जाते, त्यात माझी अवस्था याहून वाईट आहे!

*

लिओ हा कॉर्गी जातीचा कुत्रा. लांबोडके अंग, मोठे उभे कान आणि पाय म्हणावेत की नाही अशी शंका यावी इतपतच पाय. मुंबईत कुणीतरी हौसेने घेतला आणि रस्त्यावर सोडून दिला. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका गटाने त्याला उचलून पुढे दोन घरे मिळवून दिली. दोन्ही घरांनी तो परत केला.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेले आणि घरात आधीपासून खंड्या हा गावठी कुत्रा, त्यामुळे गटाच्या मॅडमना आमचे घर योग्य वाटले. "पण एक सांगते," त्या फोनवर म्हणाल्या, "तिसऱ्यांदा परत आला, तर त्याला चौथं घर मिळेल असं मला वाटत नाही."

बाबांनी ते ऐकले आणि निकाल दिला, "शिमग्यापर्यंत ठेवू. दारात देवाची पालखी यायच्या आत वळणावर आला तर राहील. नाहीतर परत."

त्याला गाडीतून उतरवले, तेव्हा शेजारचे भाऊकाका दगडी गडग्यावर कोपरे टेकून उभे होते.

"काय गो, ह्याचे पाय वाटेत झिजले काय?"

"नाही काका, ही जातच अशी असते. यांच्याकडून गुरे वळण्याचे काम करून घेत असत."

"हा गुरं वळणार? गुरानं शेण टाकलं तर गाडला जाईल तो!"

*

दोन कुत्र्यांची पहिली भेट दोघांपैकी कुणाचाही हक्क नसलेल्या जागी व्हावी, असे मी वाचले होते. म्हणून मी घरामागचा सडा, म्हणजे उघडा कातळ, निवडला. दोघांना पट्टे बांधायचे, पुरेसे अंतर ठेवून समांतर चालवायचे आणि ते अंतर हळूहळू कमी करायचे, अशी योजना होती. माझी चूक एवढीच, की ती मी भाऊकाकांना समजावून सांगितली. संध्याकाळी सड्यावर अर्धी वाडी बसलेली होती.

"कृपया शांतता राखा," मी म्हणाले. आजही ते वाक्य आठवले, की कान तापतात.

खंड्याने आयुष्यात कधी पट्टा घातला नव्हता. बाबांनी धरलेला तो पट्टा त्याने मान मागे ओढून सहज काढला, लिओला एकदाच हुंगले आणि तो घरच्या वाटेला लागला. आम्ही सगळे मागोमाग पोहोचलो, तेव्हा खंड्या लिओसाठी मागवलेल्या नव्या कोऱ्या गादीवर उताणा झोपला होता.

भाऊकाकांनी विचारले, "शास्त्र संपलं, की अजून आहे?"

"निरीक्षण चालू आहे," मी म्हणाले.

हल्ली वाडीत कुणी रिकामे बसलेले दिसले, की लोक विचारतात, "काय, निरीक्षण चालू आहे वाटतं?"

*

जात गुरे वळण्याची आणि आमच्याकडे गुरे नाहीत, याचा परिणाम काय होईल याचा विचार मी करायला हवा होता.

एके दुपारी मी रत्नागिरीहून परतले, तर पडवी कोंबड्यांनी भरलेली! आमच्या दोन, बाकी साऱ्या वाडीच्या. लिओ पायरीवर आडवा, जीभ बाहेर, चेहऱ्यावर कर्तव्यपूर्तीचे समाधान. आई नुकतीच वामकुक्षी आटोपून उठली होती आणि दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

कोंबड्यांच्या मालकिणी आल्या. "त्याने एकीलाही दात लावलेला नाही," असे मी प्रत्येकीला सांगत होते. तसे कुणीही विचारलेले नव्हते.

आई एकेक कोंबडी उचलून विचारी, "ही कुणाची?" तर प्रत्येक बाईचे बोट कोपऱ्यातल्या एकाच तांबड्या, गुबगुबीत कोंबडीकडे. "ती जाडी आमची!"

ती जाडी खरे तर आमची होती. परंतु चोरीचा आळ डोक्यावर असताना हे कोणत्या तोंडाने सांगायचे? आईने मुकाट्याने ती देऊन टाकली.

संध्याकाळी बाबांनी पडवी न्याहाळली, राहिलेल्या एका कोंबडीकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "शिमगा कधी आहे यंदा?"

*

पुढच्या महिन्यात महिला बचत गटाची सभा आमच्याकडे होती. या सभेची वर्षानुवर्षांची पद्धत अशी, की बायका येतात, सही करतात, चहा घेतात आणि "चुलीवर भात आहे गो!" असे म्हणत एकेक निघून जातात. शेवटी अध्यक्षा सुमनकाकू आणि सतरंजी एवढेच उरते.

त्या दिवशी पहिली बाई भाताचे नाव घेऊन उठली आणि लिओ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. ती डावीकडे वळली, तो डावीकडे. ती उजवीकडे, तो उजवीकडे. त्याने तिच्या टाचेला नाकाने ढोसले आणि ती बिचारी किंचाळून पुन्हा सतरंजीवर बसली. त्यानंतर जी उठली, तिची हीच गत!

मी धावले. सर्वांची क्षमा मागितली. "ही त्याची उपजत प्रवृत्ती आहे," असेही म्हणाले. त्यावर कोपऱ्यातून आवाज आला, "प्रवृत्ती राहू दे, आधी त्याला बांध!"

"कुणी बांधायचं नाही!" सुमनकाकू कडाडल्या. "गट निघाल्यापासून आज पहिल्यांदा सभा शेवटच्या विषयापर्यंत पोहोचली आहे. पुढची सभाही इथेच!"

त्या दिवशी वाडीतल्या निम्म्या घरांत भात करपला. दोन दिवस आई विहिरीवर गेली नाही.

*

शिमगा जवळ आला, तसा मॅडमचा निरोप आला, की लिओ कसा राहतो हे त्यांना व्हिडिओ कॉलवर पाहायचे आहे. मी त्याला आंघोळ घातली, केस विंचरले. आईने पडवी सारवल्यासारखी लख्ख पुसली. बाबांनीही, विरोध कायम ठेवून, इस्त्रीचा शर्ट घातला.

कॉल लागायच्या जरा आधी खंड्या लिओला घेऊन बागेत गेला. दोघे स्वतःहून एकत्र कुठे गेले, असे प्रथमच घडत होते. म्हणून मी भारावून पाहत राहिले आणि अडवले नाही. बागेत बाबांनी त्याच सकाळी नारळाच्या आळ्यांत कुजक्या मासळीचे खत घातले होते. खंड्याने त्यात कसे लोळायचे ते दाखवले. लिओ शिष्य म्हणून उत्तम निघाला.

फोन वाजला. लिओ धावत येऊन थेट बाबांच्या मांडीवर! त्या दर्पाने माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. बाबांनी श्वास रोखला होता, त्यामुळे त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"अय्या, किती फ्रेश दिसतोय!" मॅडम म्हणाल्या. "आणि काका, तुम्ही इतके इमोशनल झालात?"

बाबांना बोलण्यासाठी श्वास घेणे शक्य नव्हते. त्यांनी फक्त मान हलवली.

"अगदी लळा लागलाय हो," आई नाकाला पदर लावून म्हणाली. मॅडमना वाटले, तीही रडते आहे.

*

पालखीच्या दिवशी बाबांनी लिओला स्वतः मागच्या खोलीत कोंडले आणि कडी घातली. सकाळीच ते मला म्हणाले होते, "आजचा दिवस पार पडू दे. मग त्या बाईंना फोन कर." इतक्या प्रसंगांनंतर त्याची बाजू घेण्याचा मला अधिकार नव्हता.

ढोल-ताशे वाजत पालखी अंगणात आली. खांदेकरी पालखी नाचवू लागले, गोल रिंगण मोठे होऊ लागले; आणि मागच्या खोलीच्या खिडकीचा गज सैल होता, हे तेव्हा आम्हांला कळले.

लिओ माणसांच्या पायांतून अंगणात आला. इतकी माणसे अशी मोकाट फिरताना त्याने कधी पाहिली नसावीत. तो रिंगणाबाहेरून धावू लागला. ज्याचे पाऊल बाहेर पडे, त्याच्या टाचेला ढोसणी! खांदेकरी अनवाणी होते. ते आत सरकले. ढोलवाले आत सरकले. पाहायला उभे असलेले भाऊकाकाही आत लोटले गेले. बघता बघता सारी वाडी तुळशीभोवती खांद्याला खांदा लावून गोळा झाली, मधोमध पालखी, आणि वाजवायला हात हलेनात म्हणून ढोल थांबला.

लिओ बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या दाराशी, जाऊन वाट अडवून बसला.

कुणी हसले नाही. आईने पदराने तोंड झाकले. मी जमिनीकडे पाहत होते. बाबा हात जोडून पुढे झाले.

"चुकलं माझं. उद्याच्या उद्या त्याला पाठवतो."

पालखीबरोबरचे म्हातारे गुरव दाजी गर्दीतून कसेबसे हात मोकळा करत म्हणाले, "ते उद्याचं उद्या. आधी घराच्या राखणीसाठी देवाला गाऱ्हाणं घालू दे. घरातल्यांची नावं सांग."

बाबांनी स्वतःचे नाव सांगितले. आईचे सांगितले. माझे सांगितले. दाजींनी डोळे मिटले.

"थांबा," बाबा म्हणाले.

ते बेड्याकडे पाहत होते. तिथे खंड्या येऊन लिओच्या बाजूला बसला होता.

"खंड्या," बाबा म्हणाले. मग घसा खाकरून, मान खाली घालून, "आणि लिओ."

दाजींनी एक डोळा उघडला. "काय नाव?"

"लिओ."

दाजींनी डोळा मिटला आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणे घातले. बाबांचे नाव घेतले, आईचे, माझे. "...आणि खंड्या, आणि लिओ, ह्या सगळ्यांची ह्याच दारात राखण कर रे महाराजा!"

तुळशीभोवती दाटीवाटीने उभी असलेली सारी वाडी एका आवाजात म्हणाली, "होय महाराजा!"