पलीकडच्या बाकावरचे दामूकाका

मित्रहो, आज एक घोर अन्याय सोसून आलोय. काळेवाडीतला आमचा मुख्य रस्ता सुधारायचाय, म्हणून नागरिकांच्या सूचना ऐकायला सभा होती. तिथे चहा आधी दिला आणि तक्रारी नंतर ऐकल्या. आलं घातलेला चहा पोटात गेल्यावर सात्त्विक संताप टिकतो थोडाच!

पालिकेच्या साहेबांनी दाखवलेल्या नकाशावर सगळं देखणं होतं. मधोमध उंच दुभाजक आणि पलीकडे जायला जिन्याचा पूल.

माझे वडील, अण्णा, सभेला आले नाहीत, कारण सभागृह भरधाव गाड्यांच्या त्या रस्त्याच्या पलीकडे. त्यांचे जुने मित्र दामूकाका पलीकडेच राहतात. दोघे रोज संध्याकाळी आपापल्या बाजूच्या बाकावर बसतात, एकमेकांना हात करतात आणि मोबाइलवर गप्पा मारतात. हात धरून नेतो म्हटलं, तर अण्णा म्हणतात, "मित्राकडे जायला मला पालक नको."

दामूकाकांनी भर सभेत अण्णांना फोन लावून माइकसमोर धरला. "आरं अण्णा, सायेब पूल बांधत्यात. चढशील का?"

"माझ्या गुडघ्यांना विचार!"

साहेब समजुतीने म्हणाले, "आजोबा, चढ फार नाहीये."

"मग तुम्हीच या इकडे चहाला."

सगळे हसले, मीही हसलो. पायी ओलांडण्यासाठी सिग्नल द्या, अशी सूचना आम्ही केली. साहेब म्हणाले, "विचार करू."

तुमच्याकडे म्हातारी माणसं रस्ता कशी ओलांडतात हो?

एखाद्या संध्याकाळी पलीकडून हात हलला नाही, फोनही उचलला गेला नाही, तर अण्णा माझ्यासाठी थांबणार नाहीत. तसेच रस्त्यात उतरतील. मला त्याचीच भीती वाटते.