आम्ही बोटीवर नाही, घरीच आहोत

मंडळी, आज दुपारची गोष्ट. बंगळुरात, बसवनगुडीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर सुमाक्कांच्या नातवाचं बारसं होतं. मला ते कळलं जिन्यातून नारळाच्या पिशव्या घेऊन उतरणाऱ्या बायकांवरून.

दार उघडलं, तर समोर सुमाक्काच. दचकल्या. "अय्यो अक्का, तुम्ही बोटीवर नव्हता? कुंकू लावून बोलवायला येणार होते, पण म्हटलं दाराला कुलूप असणार."

चूक त्यांची नाही. रिटायर झाल्यापासून आम्ही दोघं सारखे लांबच्या क्रूझवर असतो. जाताना सगळ्यांना सांगतो, परत आल्याचं कुणालाच सांगत नाही.

त्यांनी घाईनं एक पिशवी माझ्या हातात दिली आणि "सरी, बरं, येते" म्हणत वर गेल्या.

बोटीवर जेवताना अनोळखी माणसंसुद्धा विचारतात, आज दिवस कसा गेला. इथं विचारायला आम्ही दोघंच, आणि दोघांचा दिवस एकच.

ह्यांनी नारळ ओट्यावर ठेवला. म्हणाले, "पुढचं बुकिंग बघू का?"

मी जाऊन दार उघडलं. तेव्हापासून ते उघडंच ठेवलंय.

तुमच्या मजल्यावर असं कायम बाहेरगावी असलेलं कुणी आहे का? एकदा बेल वाजवून बघाल?