मल्लिकार्जुन मास्तर नेपाळात सापडला

मल्लिकार्जुन उदगीरजवळच्या आमच्या गावात मास्तर होता. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या, अर्धं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलं, आणि नेमकं तेव्हाच मास्तरला कळलं की आपण कोण आहोत हे आपल्याला ठाऊक नाही. ते शोधायला तो नेपाळला निघाला. तिथं दीनदुबळ्यांची सेवा करीन, म्हणाला. त्याच्या आईनं, साखराबाईनं, विचारलं की इथले कमी पडले का? तो पिशवी भरत राहिला. इथले दीनदुबळे त्याला लहानपणापासून ओळखत होते. त्यांच्यासमोर थोर होणं अवघड.

साखराबाई एकटी राहिली. पाण्याचा टँकर यायचा, पण तापानं तिला उठवेना. बौद्धवाड्यातल्या सरजाबाईनं आपल्याच घागरीतलं पाणी तिच्या दारात आणून ठेवलं. म्हातारीनं ते अंगणात ओतून दिलं. सगळा गाव थेंबाला महाग असताना ओतून दिलं! सरजाबाई तिला नाही नाही ते बोलली, खडीवर दिवसभर धुसफुसत राहिली, आणि सकाळी पुन्हा घागर घेऊन आली. या वेळी साखराबाई प्याली. पुढं ती सरजाबाईच्याच हातची कण्यांची पेज खायची. उन्हाळा सरायच्या आत ती गेली. मास्तरला तार केली होती. मायेचे पाश तोडायचा प्रयत्न चाललाय, असं त्यानं कळवलं.

तो परतला तो दाढी आणि शाल घेऊन. आमचा तालुका उस्मानाबादेतून निघून नव्या लातूर जिल्ह्यात गेला, त्या साली लातुरात त्याचा सत्कार झाला. डोंगरातल्या एका म्हातारीला त्यानं ओंजळीनं पाणी पाजलं, तिच्या डोळ्यांत त्याला स्वतःचं रूप दिसलं, असं तो म्हणाला. टाळ्या पडल्या. म्हातारीचं नाव मात्र त्याला आठवेना.

मग तो जीपनं गावात आला. आईच्या समाधीकडं न जाता आधी सरजाबाईच्या दारात गेला आणि आईचे शेवटचे शब्द काय होते ते विचारू लागला. भाषणात घ्यायचे होते.

सरजाबाई ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "तुमचं नाव न्हाई घेतलं, मास्तर. पाणी मागितलं. मी दिलं."

"माझी आठवण तर काढली असंल?"

"हाव, आधी लई काढली. मग सोडून दिली." तिनं कोंडा उडवला. "आन् हे कुठं सांगून फिरू नका."

त्यानं हात जोडले, डोळे मिटले, तिला माउली म्हणाला. ती उठून आत गेली.

महिन्याभरात नांदेडच्या सभेत त्यानं ती हकीकत सांगितली. त्यात आईच्या उशाशी तो स्वतः बसलेला होता. लोक रडले म्हणे. नंतर मुदखेडला आणि बिलोलीलाही रडले. गावात हे कळल्यावर सरजाबाईनं एवढंच विचारलं, "मग शेवटचे शब्द इचारायला माझ्या दारात आलेली जीप कोणाची व्हती?" आणि ती कामाला लागली.