नारळाचं पाणी

हडपसरच्या गॅरेजात गाड्यांमधले इलेक्ट्रॉनिक दोष उत्कर्षाच शोधायची, तरी गाडी घेऊन आलेल्या हिंमतरावांनी आल्या आल्या तिलाच विचारलं, "मिस्त्री कुठं हाय?"

त्यांच्या गाडीत ब्रेकच्या युनिटचे संदेश गिअरच्या युनिटला पोचत नव्हते. उत्कर्षाने सकाळभर वायरी तपासल्या. बॉनेटखालच्या एका जोडात हिरवा गंज निघाला. दसऱ्याच्या पूजेत शिंपडलेलं नारळाचं पाणी तिथे मुरलं होतं. तिने ते हिंमतरावांना दाखवलं आणि जोड साफ केला.

गाडी सुरळीत झाली तसा त्यांनी खुशीत नारळ काढला.

"द्या इकडे, बाहेर फोडते."

"बाईमाणसानं नारळ फोडायचा नसतो," म्हणत त्यांनी तो स्वतःच फोडला आणि उघड्या बॉनेटमध्ये, त्याच जोडावर पाणी शिंपडलं.

"या परत," उत्कर्षा म्हणाली, "आणि तेव्हाही विचारा, मिस्त्री कुठं हाय."