आईच्या कानाचं मशीन

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आईच्या कानाचं मशीन दिसेनासं झालं. आदल्या नाताळात मीच तिला ते घेऊन दिलं होतं. सकाळची प्रार्थना झाली की ती ते कानामागे अडकवायची आणि झोपताना काढून कपाटातल्या डबीत ठेवायची. "मशीन कुठंय?" मी कानाकडे बोट दाखवून विचारलं. "आहे नीट," एवढंच म्हणून ती करंज्यांसाठी खोबरं किसायला लागली.

परळच्या आमच्या दोन खोल्यांत मी आणि आई, दोघीच. मी गिरगावातल्या एका बँकेत चेकवरच्या सह्या पडताळते. खोटी सही शोधण्यात वीस वर्षं गेली, आणि ती नजर काही मला ऑफिसात ठेवून येता येत नाही. मी डबी उघडली. मशीन नव्हतं, ते ठीक. पण सुट्या बॅटऱ्यांचं पाकीटही नव्हतं. हरवलेली वस्तू आपल्या बॅटऱ्या बरोबर घेऊन जात नाही.

मी ऑफिसात असताना आईजवळ तिला सांभाळायला ठेवलेल्या मावशी असायच्या. सहा वर्षांपासून शिवडीहून येत होत्या. आईच्या गोळ्या, तिचं जेवण, संध्याकाळी तिला गॅलरीत बसवणं, सगळं त्या बघायच्या. मी त्यांच्याकडे निरखून पाहायला लागले. पायात नव्या चपला. गेल्या आठवड्यात मला फोन करून, "आज आम्ही जरा बाहेर जाऊन येतो," म्हणाल्या होत्या. कुठे ते सांगितलं नव्हतं. मशीनबद्दल विचारलं की नजर खाली. एकेक गोष्ट तशी साधी, पण मी त्या मनात एकाखाली एक मांडत गेले.

एका शनिवारी आई कॉटवर बसून करंज्या भरत होती. मावशी शेजारी लाट्या लाटत होत्या. आईला ऐकू येणार नव्हतं, म्हणून तिच्या देखतच बोलायचं मी ठरवलं. तिला संशय येऊ नये म्हणून चेहरा हसरा ठेवला.

"मावशी, मशीन तुम्ही घेतलंय. विकलं असेल तर कुठे विकलं ते सांगा. मी पोलिसांत जाणार नाही."

मावशींचं लाटणं थांबलं. त्यांनी आईकडे पाहिलं. आमचे ओठ हलताना बघून आई छान हसली आणि तिनं मावशींच्या हातात चिमूटभर सारण ठेवलं.

"मी नाही घेतलं, ताई."

"मग कोणी घेतलं?"

त्यांनी राहिलेल्या सगळ्या लाट्या लाटल्या, हात धुतले, आईच्या पाया पडल्या आणि गेल्या. सोमवारी आल्या नाहीत. मला तोच पुरावा वाटला. मावशी गावी गेल्यात, असं मी आईला एका कागदावर लिहून दिलं.

चोवीस तारखेला मी मासळी घ्यायला लालबागच्या बाजारात गेले. तिथली एक कोळीण आमच्या घरची ठरलेली. तीस वर्षं आई तिच्याकडूनच घ्यायची. दोन-तीन वर्षांत तिला फार कमी ऐकू यायला लागलं होतं. पापलेट कसं म्हणून विचारलं तर ती हलवा पुढे करायची. गिऱ्हाईकं हसायची, कंटाळायची, शेजारणीकडे वळायची. त्या दिवशी गर्दीत मी नेहमीच्या आवाजात "सुरमई ताजी आहे?" म्हटलं आणि तिनं झटकन मान वर केली.

"सकाळचीच हाय, बाय."

मी तिच्या कानाकडे पाहिलं. डाव्या कानामागे मशीन होतं. त्यावर बारीक ओरखडा होता, आईच्या हातून पडलं तेव्हाचा.

"हे कुठून घेतलंस?"

"घेतला नाय. तुझे आयशीनं दिला," ती म्हणाली. "दादरच्या दुकानात नेऊन माझ्या कानाला बसवून दिला. तुमची ती मावशी पण होती संगती."

लिहायलाही लाज वाटते, पण तेव्हासुद्धा मला खरं वाटलं नाही. या दोघींनी मिळून म्हातारीला फसवलं, हाच पहिला विचार आला. सुरमई न घेताच मी घरी आले आणि आईपुढे कागद धरला: मशीन कोळणीला तू दिलंस?

आईनं वाचलं आणि चोरी पकडलेल्या मुलीसारखी हसली. "उद्या सांगणार होते तुला. तुझं मन दुखावेल म्हणून मावशींना शपथ घातली होती, नाताळपर्यंत काही बोलायचं नाही."

मी लिहिलं: जुनं काहीतरी द्यायचंस. पैसे द्यायचेस.

"उरलंसुरलं नव्हतं द्यायचं मला. त्या गोठ्यात देवानं आपला पुत्र दिला, तो काय त्याला नको होता म्हणून?" ती म्हणाली. "आणि तिला गिऱ्हाईक ऐकू येत नव्हतं गं. टोपली भरलेली परत न्यायची. माझं काय? तू घरी येऊन दोन वाक्यं बोलतेस. तेवढी ओठांवरूनही कळतात." मग म्हणाली, "मावशी कधी येणार गावाहून?"

माझ्या हातात पेन होतं. मी त्याला टोपण लावलं.

नाताळच्या सकाळी आम्ही चर्चला गेलो. आई उपदेश करणाऱ्या पाळकांच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होती. गाणी तिला पाठ होती. सगळ्यांच्या मागे अर्धी ओळ ती मोठ्या आवाजात गात होती. प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटण्याची, तयारी सुरू झाली तेव्हा मला राहवेना. दानाच्या पाकिटाच्या मागे मी लिहिलं: मावशी गावी गेल्या नाहीत. मी त्यांना चोर म्हटलं. तुझ्यासमोर.

आईनं दोनदा वाचलं. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती चढतो ते कळत नाही. "मग इथे काय करतेस?" ती म्हणाली. पुढच्या दोन रांगांनी वळून पाहिलं. "आधी तिच्याकडे जा. मग ये भाकर घ्यायला."

मी तशीच उठले.

शिवडीला मावशी घरीच होत्या, दारात तांदूळ निवडत. मला पाहून उठल्या नाहीत. मी माफी मागितली. मग, सवयच माझी, विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाहीत? अशा वेळी शपथ मोडली असती तर काय झालं असतं?"

"तुम्ही विचारलंत कुठे, ताई? तुम्ही सांगितलंत, मी घेतलंय म्हणून." त्यांनी ताटातला एक खडा वेचून टाकला. "खरं बोलले असते तर आई तुमच्यापुढे खोट्या पडल्या असत्या. त्यांना ते ऐकूही आलं नसतं."

त्यांना दुसरीकडे काम लागलं होतं, सकाळपासूनचं; नाताळची तेवढी सुट्टी होती. दुपारी तीननंतर त्या मोकळ्या असत. ताट आत ठेवून त्यांनी खोलीला कुलूप लावलं.

"आईंना भेटायला येते. तुमच्यासाठी नाही."

टॅक्सीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. घरी आई चर्चमधून परतली होती, शेजारणीनं आणून सोडलं होतं. मावशींना पाहताच तिनं दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला आणि मोठ्या आवाजात रडली. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला.

त्या दिवसापासून मावशी दुपारच्या येतात. आईशी खाणाखुणांनी तासन्‌तास गप्पा चालतात. माझ्या हातचा चहा त्यांनी त्या दिवशीही घेतला. पण गोळ्या-औषधांपलीकडचा एक शब्द माझ्याशी बोलायला त्यांना फेब्रुवारी उजाडला.