नकाशावरचं वाळलेलं शीत

त्या तपासाला पन्नास वर्षं होत आली, पण नकाशावरची ती खाडी अजून डोळ्यांपुढं आहे. मी चौथी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो, फौजदार होऊन निवृत्त झालो. लिहिण्यात चूक असेल, सांगण्यात नाही.

लढाई नुकतीच संपली होती. खबऱ्यानं सांगितलं, गडमुडशिंगीच्या एका म्हाताऱ्या गवंड्याकडं सरकारी नकाशा आहे. झडतीत ट्रंकेत, धोतरात गुंडाळलेला सापडला. लांबच्या समुद्रातलं बेट. सगळं हिरवं जंगल, डोंगराच्या तपकिरी रेघा, वाकडातिकडा किनारा. किनाऱ्याचे असले नकाशे घरात ठेवायला बंदी. त्यात एका खाडीवर पिवळे-तांबडे ठिपके.

साहेब म्हणाले, "बोटी लावायची जागा आहे ही. हेर दिसतोय. दोन दिवसांत गुन्हा दाखल करा."

म्हाताऱ्याला दोन दिवस विचारलं.

"कुणी दिला?"

"न्हाय सांगत."

"जन्म तुरुंगात जाईल."

"ऱ्हायलाय किती जन्म, फौजदार? घाला की."

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी बायको डबा घेऊन ठाण्यात आली. नकाशा टेबलावरच होता. ती वाकून बघायला लागली.

"आवो, ही हळद-कुंकवाची बोटं हायत. आन हे बघा, भाताचं शीत वाळलंय. हितं कुणीतरी निवद दावलाय."

मी नकाशा घेऊन कोठडीत गेलो, म्हाताऱ्याशेजारी खाली बसलो.

"बाबा, हितं कोण हाय?"

तो पहिल्यांदा रडला. "पोरगं."

पोरगा त्या बेटाची मोजणी करणाऱ्या सरकारी पार्टीत मजूर होता. तापानं गेला, त्या खाडीवरच मूठमाती दिली. पार्टीचा साहेब घरी येऊन जागा दाखवून नकाशा ठेवून गेला होता.

"त्या देवमाणसाची नोकरी जाईल. म्हणून बोललो न्हाय."

मी त्या साहेबाचं नाव विचारलं नाही. घरी आलेली पोराच्या मृत्यूची तार जोडली आणि 'नकाशा मयताच्या सामानात आला' असं जबाबात लिहिलं. खोटं लिहिलं. म्हातारा सुटला, नकाशा मात्र सरकारजमा झाला.

पितृपक्षात मुद्दाम त्याच्याकडं गेलो. त्यानं अंगणात राखेनं तो किनारा काढला होता, एकेक वळण बरोबर. खाडीवर भाताचं पान.

गप्प बसणारा स्वतःला वाचवतो, असं मी तोवर धरून चालायचो.

बायको जाऊन आठ महिने झाले. अस्थी नृसिंहवाडीला संगमात सोडल्या. आता सकाळी मी अंगणात राखेनं दोन नद्या काढतो. मिळतात तिथं चार शितं ठेवतो.

सून विचारते, "मामा, हे काय काढताय रोज?"

"नकाशा हाय," म्हणतो.